दोन हेक्टरची खाण आणि सहा ब्रासची गाडी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. गायरानाला लागून दोन हेक्टरवर दगडखाण आणि तिच्या जोडीला खडी क्रशर येऊ घातलाय. "कोळशाची नाहीतर लोखंडाची खाण थोडीच आहे, एवढ्याशा खाणीनं गावाला काय होतंय?" असं मालक म्हणतो आणि निम्मं गावही तेच म्हणतं. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. विहिरी आटतात का, घरांना तडे जातात का आणि ग्रामसभेनं विरोध करावा की अटी घालाव्यात. मी भूवैज्ञानिक. आधी खाणपट्ट्यांचे आराखडे करून द्यायचो, नंतर बरीच वर्षं गावांच्या बाजूला बसून तेच कागद वाचत आलो. उत्तर लांबणार आहे.

आधी हिशेब मांडू. दोन हेक्टर जागा सरसकट दहा मीटर खोल खोदली तर दोन लाख घनमीटर दगड निघतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे ७० हजार ब्रास, आणि फोडलेला दगड फुगतो तो वेगळाच. कडेला पायऱ्या सोडाव्या लागतात म्हणून हा आकडा थोडा खाली येईल, पण अंदाजाला पुरे. राज्यात जुलै २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे, त्या आधी ४०० होतं. आजच्या दरानं एवढ्या दगडाचं नुसतं स्वामित्वधनच चार कोटींच्या वर जातं. गाडीत चार ब्रास धरले तर साडेसतरा हजार खेपा, आणि रिकामी गाडी परतही येणार, म्हणजे तुमच्या रस्त्यावरून पस्तीस हजार फेऱ्या. ग्रामसभेत ७/१२ वरचं क्षेत्र वाचून दाखवतात. मी म्हणेन, फळ्यावर हा गुणाकार मांडा.

तरीही दोन हेक्टरच्या एका खड्ड्यानं गाव उठत नाही, हेही खरं. मी पाहिलेली बहुतेक हानी खड्ड्यापेक्षा कागदाच्या अभावातून झालेली आहे. खाण सुरू होण्याआधी विहिरीत पाणी किती होतं, भिंत कशी होती, खाणीत माणसं किती होती, गाडीत माल किती गेला, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मोठ्या खाणीवर निदान चार खात्यांची नजर असते. लहान खाणीला सवलती मिळतात आणि त्या सवलतींचा बोजा गावावर येतो.

सवलत कुठे मिळते ते नीट समजून घ्या. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नं त्यांचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला. आपल्याकडचे नियम २०१३ चे आहेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल. ती आता लागतेच. पण एकट्या लहान खाणीला जनसुनावणी नाही. म्हणजे मंजुरी मिळते, गावाला कळत नाही. म्हणून पाच हेक्टरला जेमतेम कमी पडतील असे तुकडे शेजारी शेजारी, घरातल्याच वेगवेगळ्या नावांवर पाडलेले मी नकाशांवर पाहिले आहेत. यावर उपाय कायद्यातच आहे. जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार एका पट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत त्याच खनिजाचा दुसरा पट्टा असेल तर दोन्ही मिळून समूह धरायचा आणि क्षेत्र एकत्र मोजायचं. तुमच्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावर शेजारच्या गावाच्या हद्दीत आधीच खाणी असतील, तर तुमची दोन हेक्टर एकटी नाही. गाव नकाशावर कंपासनं ५०० मीटरचं वर्तुळ काढा. अर्धी लढाई तिथेच होते.

आणखी एक फट आहे. पर्यावरण मंजुरी खाणीला असते, क्रशरला नसते. क्रशर चालतो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर. त्यामुळे धुळीची तक्रार घेऊन खनिकर्म कार्यालयात गेलेला माणूस हात हलवत परत येतो, आणि सुरुंगाची तक्रार घेऊन मंडळाकडे गेलेलाही.

आता रस्ता. लोक पाण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते लहान खाणीचा सगळ्यात आधी आणि हमखास बसणारा फटका रस्त्याला असतो. एक ब्रास खडी साधारण साडेचार टन भरते. तीन आसांच्या, दहा चाकी हायवा डंपरचं मालासकट कमाल वजन २०१८ च्या सुधारणेनंतर २८.५ टन आहे. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची. म्हणजे कायद्यानं तिच्यात चार ब्रासही जेमतेम बसतात. प्रत्यक्षात सहा भरतात. रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साध्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानानं चौथ्या घातात वाढतं. २८.५ टनांच्या जागी ३८ टन गेले तर भार एकतृतीयांशानं वाढतो, नुकसान तिप्पट होतं. गावचा ग्रामीण मार्ग बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दिवसातून दोन एसट्या धरून केलेला असतो. तो दोन पावसाळे टिकत नाही.

आणि हे वरचे दोन ब्रास पावतीवर नसतात. पावती चारची, माल सहाचा. खेपेमागे बाराशे रुपये स्वामित्वधन बुडतं आणि त्याच दोन ब्रासनं रस्ता फुटतो. म्हणून रस्त्याची तक्रार बांधकाम विभागाकडे नुसती 'खड्डे पडले' म्हणून करू नका. तहसीलदारांकडे जादा गौण खनिज वाहतुकीची तक्रार करा, गाडीचा क्रमांक, वेळ आणि मागच्या फाळक्याच्या वर आलेल्या मालाचा फोटो जोडून. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, ४८(८) खाली गाडी जप्त करता येते. खड्डा बुजवायला निधी नसतो, पण महसूल बुडतोय म्हटल्यावर कार्यालय हलतं. हा माझा अनुभव आहे, त्याला नियम म्हणत नाही.

पाण्याचं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या भागातला काळा पाषाण थराथरानं बसलेला आहे. खाली कठीण, एकसंध दगड, त्याच्यावर भोकाभोकांचा सच्छिद्र थर, मध्येच तांबड्या मातीची पट्टी, मग पुन्हा कठीण दगड. पाणी राहतं ते सच्छिद्र थरात, भेगांत आणि वरच्या मुरमात. खडीला हवा असतो कठीण दगड. खाण टेकडीच्या माथ्यावर, विहिरींच्या पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच वर असेल, तर ती तुमची विहीर ओढून घेत नाही. तिथलं नुकसान वेगळं: माथ्यावरचा मुरूम आणि गवत गेलं की पावसाचं पाणी मुरायच्या ऐवजी धावतं. पण खाणीचा तळ विहिरीच्या पाण्याच्या खाली गेला की गणित उलटतं. पाणी खाणीत उतरतं, मालक पंप लावून ते ओढ्यात सोडतो, आणि वरच्या बाजूच्या विहिरी जानेवारी-फेब्रुवारीतच तळ दाखवतात. कधी कधी सुरुंगानं भेगा मोकळ्या होऊन एखाद्या विहिरीचं पाणी वाढतंही. मालक ती एकच विहीर दाखवत फिरतो.

म्हणून आराखड्यातले दोन आकडे मागा: खाणीच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची अंतिम उंची, आणि जवळच्या विहिरींतल्या पाण्याची मे महिन्यातली उंची. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा खाली असेल तर विहिरींना धोका आहे. वर असेल तर पाण्याच्या मुद्द्यावर खाण अडवायच्या भानगडीत पडू नका, तुमचे बाकीचे मुद्देही हलके होतात. आणि आजपासून पाच-सहा विहिरींची नोंद सुरू करा. काठावर रंगानं खूण करायची, टेपला वजन बांधायचं, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी पातळी लिहायची. वही ग्रामपंचायतीत ठेवा आणि शाळेतल्या एखाद्या शिक्षकाची सही घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर तुमच्या गावात किंवा शेजारी असेल तर तिच्या जुन्या नोंदी मिळतात. खाण सुरू झाल्यावर केलेली मोजणी दाव्यात फार कामाची नसते.

पाण्यात नवं दुखणं आलंय ते क्रश सँडचं. नदीच्या वाळूवर निर्बंध आले, राज्यानं २०२५ साली कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, त्यामुळे खडीचे क्रशर आता वाळूही काढतात. नदीसाठी ते चांगलंच आहे, पण ताण सरकलाय डोंगराकडे. ही वाळू बऱ्याच ठिकाणी धुतात. धुतल्यावर उरतो राखाडी, साबणासारखा बारीक गाळ. तो ओढ्यात सोडला की पाझर तलावाचा तळ लिंपला जातो आणि पाझरणं थांबतं. तुमच्या मालकाच्या अर्जात धुण्याचं यंत्र आहे का ते आधी बघा. असेल तर गाळ निवळायच्या टाक्या आणि तेच पाणी फिरवून वापरायची अट ही माझ्या यादीत सुरुंगाच्याही वर आहे.

सुरुंगाबद्दल गावात फार भीती असते आणि ती सगळी खोटी नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. माणसाच्या अंगाला सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाचा हादरा जाणवतो, भांडी वाजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या निकषांत साध्या घरांसाठी मर्यादा सर्वात हळू कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटर, मधल्यांना १० आणि जलद कंपनांना १५ आहे. म्हणजे हादरा जाणवला म्हणून घर चिरलं असं होत नाही. मात्र आपली जुनी घरं दगड-मातीची, पाया उथळ, आणि बार रोज निघतो. मालक सांगतो, "आम्ही थोडंच जिलेटीन भरतो." प्रश्न एकूण किती भरलं हा नाहीच. एका क्षणी किती फुटलं हा आहे. विलंबाच्या टोप्या (थोड्या थोड्या अंतरानं उडणारे डिटोनेटर) वापरून भोकं एकामागून एक उडवली तर तेवढ्याच दारूत हादरा कितीतरी कमी होतो. सगळी भोकं एकदम उडवणं स्वस्त पडतं, म्हणून उडवतात. मागणी अशी करा: एका विलंबात जास्तीत जास्त किती किलो स्फोटक ते लिहून द्या, वस्तीतल्या सगळ्यात जवळच्या घरापाशी कंपनमापक लावा, बाराची वेळ ठरवा, भोंगा वाजवा, आणि मोठे डबर पुन्हा सुरुंगानं फोडू नका, ब्रेकरनं फोडा. दगड उडून शेतात, पत्र्यावर पडतात ते बहुतेक या दुसऱ्या फोडणीत किंवा भोकाचं तोंड नीट न ठासल्यानं. अंतराबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली सुरुंगाच्या खाणीला वस्तीपासून २०० मीटर आणि बिनसुरुंगाच्या खाणीला १०० मीटर सुचवलं होतं. तुमची वस्ती २०० मीटरच्या आत असेल तर अटींची चर्चाच करू नका, विरोध करा. आणि पहिला बार निघायच्या आत प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो घेऊन पंचनामा करून ठेवा. आहेत ते तडेही लपवू नका. जुने तडे दाखवले तरच नवे सिद्ध होतात.

धुळीवर एक सावधगिरी. आजकाल प्रत्येक निवेदनात 'सिलिकोसिस होईल' असं लिहिलेलं असतं. सिलिकोसिस म्हणजे सिलिकाच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणींत तो मोठ्या प्रमाणावर होतो, तिथल्या सरकारला २०१९ साली त्यासाठी वेगळं धोरण करावं लागलं. आपल्या काळ्या पाषाणात मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे ही सिलिका, फार कमी असते. त्यामुळे वैद्यकीय अधिकारी तुमचं निवेदन एका वाक्यात खोडतो आणि धुळीचा खरा मुद्दाही त्यात वाहून जातो. खोकला, दमा, क्षयाच्या रुग्णाचं बळावणं, हे पाषाणाच्या धुळीनंही होतं. ते लिहा. सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या सिलिका वाळूच्या पट्ट्यात किंवा पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट, क्वार्टझाइटच्या खाणींत असाल तर मात्र सिलिकोसिस हा पहिला मुद्दा. क्रशरसाठी निकष आहे: यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत. पाण्याचे फवारे, झाकलेले पट्टे, वाऱ्याच्या बाजूला भिंत, आतले रस्ते पक्के, हे सगळं संमतीपत्रात लिहिलेलं असतंच. तपासणीच्या दिवशी फवारे चालू असतात. शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या, द्राक्षाच्या पानांवरची कच दाखवून भरपाई मागितली तर कृषी सहायकाचा पंचनामा फुलोऱ्याच्या वेळी करून घ्या, फळ काढणीला नव्हे.

रोजगाराबद्दल कुणी विचारलं नाही, पण ग्रामसभेत मत फिरतं ते तिथेच. आजच्या क्रशरवर दहा-पंधरा माणसं पुरतात. पोकलेनचा ऑपरेटर बाहेरचा, क्रशरवरचे मजूर झारखंड-ओडिशाकडचे नाहीतर मराठवाड्यातले. गावाला मिळतं ते चहाचं हॉटेल, पंक्चरचं दुकान आणि डंपर. तरणी पोरं कर्ज काढून डंपर घेतात. हप्ता महिन्याला थांबत नाही, म्हणून रात्रीची खेप, सहा ब्रास. मग ज्या घरातला डंपर त्या घराचं मत खाणीला. तुमच्या गावात भांडण मालकाशी होणार नाही, भावकीत होईल. त्याची तयारी ठेवा. गाडीवाल्यांना शत्रू करू नका. वजनकाटा लावून सगळ्यांनाच चार ब्रासची सक्ती झाली तर खेपा वाढतात, दरही सावरतो. हे त्यांना पटतं, मी पटलेलं पाहिलंय.

सगळ्यात शेवटी ज्यांचं नाव येतं ते खाणीतले मजूर. वडार समाजानं पिढ्यानपिढ्या हातोडा, छिन्नी आणि पहारीवर दगड काढला. पाटे-वरवंटे, विहिरींची बांधकामं, धरणांचे दगड त्यांच्या हातचे. हातानं दगड काढणारं कुटुंब आणि दोन पोकलेन लावणारा क्रशरमालक, सरकारी कागदावर दोघेही 'लहान'. मला हे पहिल्यापासून चुकीचं वाटत आलंय. पहिल्याची खाण पावसाळ्यात बंद पडते, दुसऱ्याची रात्रीही चालते. यंत्रं आली आणि वडार कुटुंबं स्वतःच्या धंद्यात उचल घेतलेले मजूर झाली. उचल फिटेपर्यंत जाता येत नाही, म्हणजे १९७६ च्या कायद्यातली वेठबिगारीच. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चा सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या निकालात हे स्पष्ट आलेलं आहे. पोरं खाणीवरच वाढतात. वाघोलीच्या खाणींत 'संतुलन' संस्थेला पाषाणशाळा काढाव्या लागल्या त्या यामुळेच. १९५२ च्या खाण कायद्यात लहान खाणीला सूट होती ती तीन अटींवर: खोली ६ मीटरच्या आत, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि स्फोटकं अजिबात नाहीत. क्रशरच्या खाणीत सुरुंग असतोच. म्हणजे तिला ही सूट नव्हतीच. परवानाधारक सुरुंगवाला, हजेरीपट, वैद्यकीय तपासणी ही तिची जबाबदारी. हजेरीपट नसेल तर माणूस दगडाखाली गेला तरी तो तिथे कामाला होता हे सिद्ध होत नाही. दगड फोडण्याचं काम इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाच्या यादीत येतं. ९० दिवसांच्या कामाचा दाखला ग्रामसेवक देऊ शकतो. तुमची ग्रामपंचायत या परक्या माणसांसाठी एवढं करेल का, हा प्रश्न मी दरवेळी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा लगेच येत नाही.

हे सगळं काळ्या पाषाणाच्या मुलखाचं झालं. कोकणात चिरेखाणीला सुरुंग लागत नाही, चिरे यंत्रानं कापतात, धूळ तांबडी असते. तिथे जातो तो सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार: पाणी मुरायची जागा, पावसाळ्यातली फुलं आणि रत्नागिरीकडे तर त्यावरची कातळशिल्पंही, जी २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तिथल्या गावांनी वरचं उत्तर जसंच्या तसं उचलू नये.

आता विरोध की अटी. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची केली आहे. तुमचं गाव त्यात नाही, त्यामुळे नुसत्या 'नाही' म्हणणाऱ्या ठरावावर पट्टा थांबेलच असं नाही. वस्ती २०० मीटरच्या आत, तळ विहिरींच्या पातळीखाली, किंवा ५०० मीटरच्या समूहाचं क्षेत्र लपवलेलं, यातलं एक जरी असेल तर कारणासह विरोध करा. तिन्ही नसेल तर अटी घाला. मी तुमच्या जागी असतो तर या घातल्या असत्या: खाणीच्या तोंडाशी वजनकाटा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या बंद, गायरानातली जनावरांची वाट आणि पाणवठा नकाशावर आखून मोकळा, दरवर्षी खड्ड्याची यंत्रानं होणारी मोजणी आणि भरलेलं स्वामित्वधन यांचा ताळा ग्रामसभेपुढे, पर्यावरण मंजुरीचा सहामाही अनुपालन अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर.

आणि खाण बंद करण्याचं आजच लिहून घ्या. सोडून दिलेली खाण पहिल्या पावसात भरते, कडे सरळ उभे असतात, पोहायला उतरलेल्या पोराला वर चढायला जागा नसते. खोदतानाच कड्याला पायऱ्या ठेवायच्या, एका बाजूनं जनावर उतरेल असा उतार ठेवायचा, कुंपण आणि त्याची देखभाल कोण करणार त्याचं नाव घालायचं, आणि हे सगळं झाल्याशिवाय अनामत परत द्यायची नाही अशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांना ठरावातच करायची. ठरावाच्या चार प्रती काढा: तहसील, जिल्हा खनिकर्म अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण. चारही ठिकाणी आवक क्रमांक घ्या. मंजुरीचा अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर दिसतो. तो पुढे सरकायच्या आत ठराव तिथे पोचला पाहिजे.